रविवारी येणाऱ्या माणसाला मी ‘नको’ सांगितलंय

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही चिडणार, म्हणून तेवढं आधीच सांगून टाकते. रविवारी विसार घेऊन येणार असलेल्या एजंटला मी काल फोन करून ‘येऊ नका’ सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘मी शब्द दिलाय’ म्हणाला असतात आणि विषय तिथेच संपला असता. दादाला माहीत आहे. आधी तो माझ्यावरच ओरडला, मग जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, नानाकाकांच्या वेळी कुणीतरी असा फोन करायला हवा होता. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

वाघोलीचं घर कधीच विकू नका, असं मी म्हणत नाही. घर तुमचं, कष्ट तुमचे. पण मागे मॉल येतोय, रस्ता कुंपण खाणार, वर्षभरात तिथे राहणं अशक्य होणार, तेव्हा मिळेल त्या भावात आत्ताच देऊन टाका, अशी जी माळ त्या माणसाने तुमच्यापुढे ओवली, तिचा एकेक मणी मी तपासला. माझं रोजचं कामच ते आहे, म्हणून मला जमतं. तुम्ही घाबरलात यात तुमचं काही चुकलं नाही. अख्खी सोसायटी घाबरली आहे. सकाळी फिरायला जाणारे सगळे एकमेकांना तीच बातमी सांगतात आणि प्रत्येक फेरीला मॉलचा एक मजला वाढतो.

आधी विसार पावतीचं. तिचा मसुदा मला पाठवलात ते फार बरं केलंत. त्यात खरेदीदाराच्या नावापुढे ‘किंवा ते नेमतील ती व्यक्ती’ असं लिहिलंय. म्हणजे हा गृहस्थ घर घेणारच नाही. तुमच्याकडून भाव बांधून घेणार आणि वर चढवून तिसऱ्याला देणार. उरलेली रक्कम कधी द्यायची, ती तारीख कोरी. जागा रिकामी करून द्यायची तारीख मात्र ठळक अक्षरांत. मूळ कागदपत्रं ‘तपासणीसाठी’ त्याच्याकडे. आणि ५१,००० रोख! स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेतली, तर आयकर कायद्याप्रमाणे घेणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड होऊ शकतो. देणारा नामानिराळा.

‘नाही पटलं तर विसार परत करू, त्यात काय’ असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. बाबा, तसं होत नाही. सही करून पैसे घेतले की समोरचा माणूस करार पुरा करून मागण्यासाठी दिवाणी दावा लावू शकतो. त्याला तीन वर्षांची मुदत असते आणि २०१८ मध्ये कायदा बदलल्यापासून न्यायालयाचा कलही करार पाळायला लावण्याकडेच असतो. दावा हरला तरी तो चालू असेपर्यंत ते घर दुसरं कुणी हातात धरत नाही. मला त्या माणसाशी वाईटपणा घ्यावा लागला तो एवढ्यासाठी. तुमचा शब्द मोडला असं वाटून घेऊ नका. त्याला मी ‘मुलीने आडकाठी केली’ असंच सांगितलंय. तुमचं नाव कुठेच खराब झालेलं नाही.

आता मागची जागा. तुम्ही ज्या खुणा पाहिल्यात त्यातली एकही बांधकामाची नाही. तिपाई लावून मोजणारी माणसं आली, तर ती मोजणी. मोजणी वारसांच्या वाटपासाठी होते, कर्जासाठी होते, शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असलं तरी होते. जेसीबीने झुडपं काढली, तर मालक ताबा दाखवतोय. ‘जागा खाजगी मालकीची आहे’ ही पाटीही त्यातलीच. पत्रे उभे राहिले तर थोडं लक्ष द्यायचं, पण नगर रोडला पत्र्यांच्या आड वर्षानुवर्षं नुसती एरंडं माजलेली तुम्हीच मला दाखवली आहेत.

खरी खूण वेगळी असते. बोअरसारखं यंत्र येतं, पण ते पाण्यासाठी नसतं. एकाच जागेत चार-पाच ठिकाणी भोकं घेतात आणि आतून निघालेले खडकाचे गोल दांडके लाकडी पेट्यांच्या खणांत ओळीने मांडतात, प्रत्येकावर खोली लिहून. पाया कुठल्या थरावर बसवायचा, त्याची ती तपासणी. तेवढा खर्च करणाऱ्याचे नकाशे बहुधा टेबलावर आलेले असतात. पुढे तात्पुरता वीजमीटर, कामगारांच्या झोपड्या, आणि प्रवेशावर परवानगीचा क्रमांक लिहिलेला फलक. तर बाबा, पेट्या दिसल्या की मला लगेच फोन करा. जेसीबीसाठी रात्री अकराला नको, माझ्या पोटात गोळा येतो.

गट नंबर टाकून मी त्या जागेचा सातबारा पाहिला. नुसता पाहायला सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर पैसे पडत नाहीत, सरकारी कामाला चालणारा डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. दादाने छापून पाठवलाय, देवघराच्या खणात ठेवा. त्यावर अकरा वारस आहेत, इतर हक्कांत पतसंस्थेचा बोजा आहे आणि एक फेरफार प्रलंबित आहे. अकरा जणांच्या सह्या एका कागदावर यायला काय लागतं, ते आई, तुझ्या माहेरच्या विहिरीवरून तूच सांग. विक्री झाली की फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर लागते आणि हरकतीला १५ दिवस असतात. मी दर सोमवारी पाहतेय. तुम्ही पाहायला जाऊ नका, त्या बारीक अक्षरांनी बाबांचे डोळे चुरचुरतात.

‘कार्यालयातल्या माणसाने नकाशात मॉल पाहिला’ असं तो सांगत होता. कुठलं कार्यालय आणि कुठला नकाशा, एवढंच विचारायचं. वाघोली आणखी बावीस गावांबरोबर ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आली, पण त्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून शासनाने तेव्हा पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नेमलं. घरपट्टी एकीकडे गेली, नकाशा दुसरीकडे. त्यात पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, हरकतींचा ढीग पडला, आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्दच केला. तुमच्या ग्रुपवर फिरतोय तो रंगीत तुकडा त्याच प्रारूपाचा आहे. रद्द झालेल्या आराखड्यावर लोक अजून भाव लावतात, कारण रंगीत चित्र पाहिलं की माणसाला ते खरं वाटतं. त्याआधीची मंजूर चौकट १९९७ च्या प्रादेशिक आराखड्याची आहे. त्या गट नंबरचा झोन दाखला मी लेखी मागितलाय. तो मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकेन, १० रुपयांचं काम आहे आणि त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र लपवत नाही, नाहीतर नंतर तुम्ही म्हणाल की मुलीने गोड गोड सांगितलं. झोन निवासी निघाला तरी दुकानं येणारच नाहीत, असं नाही. २०२० च्या एकत्रित नियमावलीत निवासी भागातही व्यापारी वापर चालतो. कुठला आणि किती, हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मागच्या जागेला आज पोच आहे ती आपल्याच गल्लीएवढी. तिथे खाली किराणा, औषधांचं दुकान, दवाखाना आणि वर घरं, इतपत काहीतरी कधी ना कधी येईल, आणि ते यावं असंच मला वाटतं. बाबांना औषधासाठी नगर रोड ओलांडायला लागतो, तो ट्रकांचा रस्ता मला त्या मॉलपेक्षा जास्त छळतो. मोठा मॉल म्हणाल, तर एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्यावर गेलं की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. असे अर्ज ‘परिवेश’ संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. या गटाचा मला एकही सापडला नाही.

रस्तारुंदीचं उत्तर तुमच्याच कपाटात आहे. निळ्या फाइलमधला मंजूर नकाशा काढा, तो घड्यांवर फाटलाय, हळूच उघडा. त्यात क्षेत्रफळांचा तक्ता असतो. प्लॉटचं एकूण क्षेत्र, त्यातून रस्तारुंदीसाठी वजा, मग निव्वळ क्षेत्र. वजा केलेल्या रकान्यात आकडा असेल, तर ती पट्टी आपण बांधतानाच सोडलेली आहे आणि आजचं कुंपण तिच्या आत आहे. शून्य असेल तर मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, आणि रस्त्याची आखणी एकावर एक ठेवून बघावी लागेल, ते मी करेन. दोन्ही पानांचे फोटो उजेडात, वरून सरळ काढून पाठवा. कुंपणावर कुणी लाल रंगाने बाण काढून गेलं म्हणजे काही हुकूम झाला नाही. जागा घ्यायची तर लेखी नोटीस लागते, मोबदला ठरवावा लागतो. कुंपणालगतचं आपलं जांभूळ कुठे जात नाही. पुढेमागे कुणाला तोडायचंच झालं तरी १९७५ चा वृक्षांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. आणि बाबा, फांद्या उतरवायला स्वतः शिडीवर चढू नका. एकदा झालं ते पुरे.

आई, आता तुझ्याकडे वळते. बाबा मॉलला भिऊन घर विकायला निघाले आणि तू त्याच मॉलमध्ये गाळा घ्यायला! भिशीतल्या सगळ्या मिळून ‘प्री-लाँच’ला चेक देणार आहेत, ते मला मावशीकडून कळलं. तिच्यावर रागवू नकोस. गाळे विकायचे असतील तर महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. दुकानांनाही २०१६ चा तोच कायदा लागू आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. तुझ्या पत्रकावर कोड नाही, नोंदणी क्रमांक नाही, गट नंबरसुद्धा नाही, नुसती सरकत्या जिन्याची चित्रं आहेत. नोंदणी असली तरी नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. ती एफडी तुझीच आहे, तिचं काय करायचं ते तूच ठरव, पण हा चेक फाडून टाक. आणि तुकडे कचऱ्याच्या बादलीत, देवाच्या वातींच्या डब्यात नकोत.

एवढं करूनही उद्या मागे काम सुरू झालंच तर? त्याची तयारी आत्ताच करून ठेवू, म्हणजे रात्री विचार करत जागायला नको.

पाया खोदताना शेजारच्या घराला त्रास होतो तो तीन वाटांनी. खड्ड्याची बाजू ढासळते, खडक फोडताना हादरे बसतात, आणि खड्ड्यातलं पाणी पंपाने सतत उपसल्यामुळे आजूबाजूच्या बोअरची पातळी उतरते. तक्रार केली की पलीकडचे हमखास म्हणतात, ‘ही चीर जुनीच आहे.’ तेव्हा जुन्या चिरा आजच नोंदवायच्या. प्रत्येक चिरेशेजारी रुपयाचं नाणं आणि पट्टी धरून फोटो काढा, टोकाला पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. केसासारखी, मिलिमीटरच्या आतली चीर बहुतेक वेळा गिलाव्याचीच असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि रुंद होत जाणारी मात्र मला कळवा. स्वयंपाकघरातल्या तिरक्या चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून घेऊ, दोन्ही टोकं भिंतीला घट्ट. भिंत सरकली की काच तडकते, वाद घालायला जागा राहत नाही. हे आपला जुना गवंडी करेल, बाबांनी हात लावायचा नाही.

बोअरचं सोपं आहे. हजार लिटरची टाकी रिकामी असताना पंप लावा आणि भरायला किती मिनिटं लागतात ते कॅलेंडरवर लिहा, महिन्यातून एकदा, साधारण त्याच तारखेला. पुढे चाळीसची सत्तर मिनिटं झाली तर दाखवायला पुरावा तयार. टँकरची सवय आपल्याला आहेच, तेव्हा पाण्यावाचून अडणार नाही.

धुळीचं मला खरं टेन्शन आहे. वाघोलीत खाणींची धूळ आधीच कमी नाही आणि बाबांचा दमा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मागे खोदकाम चालू असेल त्या दिवसांत पश्चिमेच्या खिडक्या बंद, पहाटे कामाआधी तासभर उघड्या. केरसुणी बंद करून ओल्या फडक्यानेच पुसायचं. आई, कामाच्या बाईंना मी सांगितलं असं म्हणू नकोस, तूच सांग. दम्याचा रोजचा पंप बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. तो धाप लागल्यावर घ्यायचा नसतोच, धाप लागू नये म्हणून असतो. घेतला की खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. धाप लागल्यावरचा निळा पंप उशाशी, कपाटात नव्हे.

आवाजासाठी एक गोष्ट मी ठरवूनच टाकली आहे. तुमच्या झोपायच्या खोलीची खिडकी बदलायला गुरुवारी माणूस येतोय. मॉल येवो न येवो, नगर रोडचे हॉर्न तिथे आत्ताच येतात. सरकत्या खिडकीच्या फटीतून आवाज येतो, नुसती काच जाड करून उपयोग नसतो. म्हणून उघडझाप करणारी, चारी बाजूंनी रबर असलेली घेतली, लॅमिनेटेड काचेची. आतून दुसरी काच लागेल, दोघींमध्ये हाताच्या चार बोटांएवढं अंतर. तो अंतर कमी करू म्हणाला तर करू देऊ नका, आवाज अडतो तो त्या पोकळीमुळे. पैसे दिलेले आहेत. ‘कशाला खर्च’ म्हणू नका. मला रात्री तुमच्या झोपेची काळजी वाटते, ती कुठल्या दुकानात दुरुस्त होत नाही. बाबांच्या दुपारच्या झोपेनंतरच ये असं त्याला बजावलंय, आणि आईच्या तुळशीवरचं ऊन अडणार नाही हेही मी मोजून पाहिलंय.

बांधकाम रात्री चाललं तर भांडायला जाऊ नका. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० च्या नियमांप्रमाणे. वेळ लिहायची, मोबाइलवर मिनिटभर रेकॉर्ड करायचं आणि दादाला पाठवायचं. तक्रार तो करेल. त्याला भांडण आवडतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि समजा, सगळं होऊन एक दिवस तुम्हालाच तिथे नकोसं झालं, तर आपण विकू. रीतसर, नोंदणीकृत करार करून, आजूबाजूला प्रत्यक्ष काय भावाने दस्त झालेत ते नोंदणी खात्याच्या सूची-दोनवर पाहून. हातात नेमके किती पडतील तेही तेव्हाच धरायचं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के किंवा महागाई धरून वीस टक्के, यातला कमी बसेल तो भांडवली नफ्यावरचा कर. त्या एजंटने कागदावर मांडलेल्या हिशेबात तो धरलेलाच नव्हता. मग तुम्ही माझ्याकडे या, किंवा दादाकडे, किंवा तिथेच दोन गल्ल्या पलीकडे लिफ्टच्या घरात. बाबा, मी लहान असताना वीज गेली की तुम्ही मला मांडीवर घेऊन ‘आधी बघू तरी कुठे कुठे गेली’ म्हणत गच्चीवर न्यायचात. तसंच आहे हे. आधी बघू तरी.

तोवर कुठल्याही कोऱ्या कागदावर सही नाही, मूळ दस्त घराबाहेर नाही, कुलमुखत्यारपत्र कुणाच्याही नावाने नाही, माझ्यासुद्धा. तो माणूस दारात आलाच तर चहा द्या, पण फाइल दाखवू नका.

तुमची,
चिमी

ता. क. आई, निळ्या फाइलच्या मागे बाबांचा जुना चष्मा असेल. नकाशा वाचायला तोच बरा पडतो, नव्याने त्यांना गरगरतं. आणि फोटो काढताना घडीवर तुझं बोट येऊ देऊ नकोस, मागच्या वेळी नेमका आकडा झाकला गेला होता.